पाणी शेवटी

जुनं तैलचित्र कशानं साफ करतात असं कुणी विचारलं, की कापूसआक्का सरळ सांगायची, "थुंकीनं." समोरचा हसायला लागायचा आणि तिचा चेहरा बघून हसू गिळायचा. ती थट्टा करत नसे. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि चित्रावर नखाएवढ्या जागेत हलक्या हातानं गोल गोल चोळायचा. धूर, माशांची घाण, लोकांच्या श्वासाचा चिकटा, सगळं थुंकीनं सुटतं. बोळा काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. तोच बोळा परत जिभेवर न्यायचा नाही, हे मात्र ती शिकाऊ लोकांना आवर्जून सांगायची, कारण शिकाऊ लोकांचा काही भरवसा नाही असं तिचं मत होतं. थुंकीला दाद न देणारं जुनं पिवळं वॉर्निश मग स्पिरिटनं काढायचं, आणि तिथं मात्र श्वास धरून.

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून गेलं की तिची कामाची खोली. उत्तरेच्या खिडकीखाली लांबलचक टेबल, भिंतीला काड्या, कापूस आणि बाटल्यांचं कपाट. चौतीस वर्षं ती त्या खोलीत वाकून उभी होती. पाठीला बाक आला होता, जीभ मात्र सरळ होती, जरा जास्तच सरळ. संचालकांनाही ती ऐकवायची. "साहेब, हात मागे. चित्र आहे, बोकड नाही चाचपायला." आणि संचालक निमूटपणे हात मागे घ्यायचे, कारण बोटं असावीत तर आक्कासारखी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा या आक्काला एका चित्राची भीती वाटायची.

ते चित्र दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या दालनात एकटंच टांगलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचं. शहरांना कंटाळून चित्रकार डोंगरदऱ्यांत, पडक्या बुरुजांपाशी, तळ्याकाठी जाऊन बसू लागले होते, त्या काळातलं. संध्याकाळची वेळ. मागे डोंगर, डावीकडे ढासळलेला बुरूज, पुढे सगळं तळं. उजव्या काठावर लांब कोट घातलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभा. पाणी इतकं निवांत, की त्यात डोंगर उलटा, बुरूज उलटा, एवढंच काय, पहिली चांदणीसुद्धा उतरलेली. फक्त माणसाचं प्रतिबिंब नाही. त्याच्या पायाखाली नुसतं गडद, रिकामं पाणी.

या रिकाम्या पाण्यावर प्राध्यापकबाईंनी आपलं आयुष्य उभं केलं होतं. त्या काळचे चित्रकार पाणी उगाच काढत नसत, असं त्या सांगत. स्थिर पाणी म्हणजे मन. वर दिसतं ते जग, आणि पाण्यात दिसतं ते त्या जगाचं खरं रूप. आणि या चित्रकारानं काय केलं? डोंगराला प्रतिबिंब दिलं, पडक्या बुरुजाला दिलं, माणसाला दिलं नाही. माणूस येतो आणि जातो, निसर्ग त्याची दखलही घेत नाही, एवढी मोठी गोष्ट त्यानं न काढलेल्या चार बोटं जागेत सांगितली. बाईंचं पुस्तक गाजलं. शाळेची मुलं रांगेनं येऊन त्या पाण्यापुढे उभी राहू लागली, आणि गाइड विचारू लागला, "सांगा बघू, या चित्रात काय नाही?"

आक्काला उत्तर माहीत होतं. चित्रकारानं ते प्रतिबिंब काढलं होतं. आक्कानं ते पुसलं होतं.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि कापूसआक्का हे नाव अजून पडायचं होतं. खोलीचे मालक होते मास्तर. हाताखाली तीन वर्षं काढल्यावर त्यांनी तिला ते चित्र दिलं होतं, म्हणजे आभाळ, डोंगर, बुरूज आणि काठावरचा माणूस दिला होता. मास्तरांचा नियम पक्का. आधी आभाळ, मग डोंगर, मग माणूस, पाणी शेवटी. आणि पाणी मास्तरांच्या हातानं. "पाणी सगळ्यात शेवटी रंगवतात," ते म्हणायचे, "आणि सगळ्यात पातळ. कधी कधी तर रंगात वॉर्निशच मिसळून. वरचं वॉर्निश कुठं संपलं आणि आतलं पाणी कुठं सुरू झालं, हे स्पिरिटला कळत नाही. ते माणसाला कळावं लागतं."

त्या दिवशी मास्तरांची दाढ ठणकत होती. गालाला रुमाल बांधून ते दाढ काढायला निघाले, आणि दारातून मागे वळून म्हणाले, "पाण्याला हात लावू नकोस. मी आलोच."

अकराच्या सुमाराला बुरूज संपला. काठावरचा माणूसही झाला. मास्तर येईनात. हात शिवशिवत होते, आणि वयच असं की आपल्याला सगळं येतं असं वाटावं. माणसाच्या पायाखालचा पाण्याचा एक कोपरा तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं जरासा पुसला. पिवळा चिकटा निघाला आणि खाली उलटे बूट दिसले. मग कोटाची कड. मग हनुवटी, टोपी. अख्खा माणूस पाण्यात उलटा उभा.

आणि त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी.

तिनं हात थांबवला. फिकट कपडे, उतरते खांदे. बाई होती. आक्कानं वर काठाकडे बघितलं. काठावर गवत होतं, एक दगड होता, आणि तो एकटा माणूस होता. पुन्हा खाली बघितलं. पाण्यात दोघं. भर दुपारी, खिडकीतून लख्ख उजेड येत असताना तिच्या अंगावर काटा आला. पंधरा-वीस मिनिटं ती नुसती बघत राहिली. कुणाला हाक मारावी, मास्तरांची वाट बघावी, हे सुचायला हवं होतं. तिला एवढंच वाटलं की या बाईचा चेहरा नीट दिसायला हवा. चेहऱ्यावर अजून एक तपकिरी पडदा होता. एकच हात, हलका, तिनं मनाशी म्हटलं, आणि नवा बोळा भिजवला.

तो पडदा वॉर्निशचा नव्हता. तो चेहराच होता.

बोळ्यावर फिकट पांढरं आलं. चेहऱ्याच्या जागी पाणी दिसू लागलं. आक्का घाबरली, आणि घाबरलेलं माणूस नेमकं नको ते करतं. स्पिरिट टिपून घ्यायला तिनं कोरडा कापूस दाबला, तशी ओल पसरली, खांदे गेले. दुसरा दाबला, कोट गेला. चार-पाच मिनिटांत ती दोघंही कापसावर आली होती आणि तळं रिकामं झालं होतं.

मास्तर परतले तेव्हा त्यांचा गाल टम्म सुजला होता. त्यांनी पाण्याकडे बघितलं, डब्यातले बोळे बघितले, त्यातला एक उचलून खिडकीशी धरला. आक्का कोपऱ्यात उभी होती. आता शिव्या, मग हकालपट्टी, असं ती धरून चालली होती. मास्तर सुजल्या तोंडानं एवढंच म्हणाले, "बोळे टाकू नकोस." कपाटातून तपकिरी काचेची बाटली काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

संध्याकाळी कामाच्या वहीत तिनं लिहिलं, "पाण्याचा भाग साफ केला. विशेष काही आढळलं नाही." मास्तरांनी खाली सही केली. त्या विषयावर ते मरेपर्यंत बोलले नाहीत. पाण्यात दोघं होती हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

नोकरी गेली असती हे खरं. पण नुसत्या नोकरीपायी कुणी एवढी वर्षं तोंड शिवून बसत नाही. तिला लाज वाटत होती. आज सांगू, उद्या सांगू करत पाच-सहा वर्षं गेली, आणि मग प्राध्यापकबाईंचं पुस्तक आलं. आता सांगायचं म्हणजे आपलं घर जाळून शेजाऱ्याच्या छपरावरही निखारा टाकायचा. बाईंच्या प्रत्येक व्याख्यानाला आक्काला बोलावणं यायचं, आणि ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

सगळ्यात मोठी शिक्षा तिला नवऱ्यानं दिली, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बायकोचा भारी अभिमान. घरी पाहुणा आला की चहा संपायच्या आत त्याला संग्रहालयात घेऊन जायचा. चित्रापुढे उभा करायचा आणि आवाज चढवून सांगायचा, "हे आमच्या हिनं साफ केलंय बरं का! पाणी बघा, पाणी! आरसा आहे की नाही?" आक्का मागे उभी राहून बोटांनी पदर पिळायची. "का गं," तो घरी विचारायचा, "तुला ते चित्र आवडत नाही का?" ती म्हणायची, "कामाचं काय आवडायचंय?"

चार वर्षांपूर्वी एका सकाळी, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच, तो दुकानातल्या टेबलावर कलंडला. भिंग काढायच्या आत गेलेला होता.

त्यानंतर आक्काला ते चित्र कळलं. कपाटाला आरसा होता. रोज सकाळी ती वेणी घालायची आणि तो तिच्या खांद्यावरून वाकून आपले चार केस विंचरायचा. "सरका की जरा." "तूच सरक, आरसा मी आणलाय." अठ्ठावीस वर्षं हे भांडण चाललं. तो गेल्यावर आरशात एकटीच दिसू लागली, आणि पहिल्या काही दिवसांत तिची नजर सारखी खांद्याच्या मागे जायची. तेव्हा तिला उमगलं, त्या चित्रकारानं काय केलं होतं. बाई गेली होती. काठावर तिला उभी करणं खोटं झालं असतं, म्हणून काठ रिकामा ठेवला. पण पाण्यात तिला जागा दिली. आणि आपण तिला तिथूनही घालवली. आक्का त्या दिवशी कपाटाचं दार लावून जमिनीवर बसली आणि नवऱ्यासाठी रडली नव्हती इतकी रडली.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना संचालक तिच्या खोलीत आले. हात मागे बांधूनच आले. "आक्का, मंगळवारी दहाला कॅमेरा येतोय. रंगाच्या आतलं बघणारा. चित्रकारानं रंगाखाली पेन्सिलीनं काय काय काढलं होतं, सगळं दिसतं म्हणे. चित्र मोठ्या प्रदर्शनाला चाललंय, बाईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. तुम्ही हजर राहा."

"राहते," आक्का म्हणाली. ते गेल्यावर तिच्या हातातली काडी मोडली.

सोमवारी संध्याकाळी तिच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. घरात आता ती आणि धाकटी नणंद, दोघीच. नणंदेनं एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

"वहिनी, समुद्र कुठून उपसून आणलास?"

"उद्या कॅमेरा यायचाय, वन्सं. लक्ष नाही माझं."

"मग त्यात काय एवढं? तुझे फोटो काढणारेत का? काढणार असतील तर ती जांभळी साडी नेस."

आक्का हसली नाही. नणंदेनं तिच्याकडे नीट बघितलं, मग उठून दोघींना पाणी आणलं.

"ते चित्र ना?" ती म्हणाली. "दादा म्हणायचा, त्या चित्रापाशी गेली की हिचा श्वास बदलतो."

"असं म्हणायचे?"

"कितीदा. मी म्हटलं, मग विचार ना तिला. तर म्हणाला, घड्याळ अडकलं की उघडून बघता येतं, माणसाला आपणहून उघडावं लागतं. म्हणून पाहुण्यांना तिथं घेऊन जायचा. म्हणायचा, कधीतरी तिथंच उभी राहून बोलेल."

पंचवीस-तीस पाहुणे तरी त्यानं नेले असतील. आक्काला वाटायचं, मिरवतोय. तो वाट बघत होता.

सकाळी ती लवकर निघाली. खोलीत जाऊन कपाटाच्या तळाची तपकिरी बाटली काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. तिनं काही ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ठरवलेलं नाही असंच तिनं सांगितलं असतं.

दहाला चित्र टेबलावर आलं. कॅमेरेवाला अबोल माणूस होता, त्यानं चित्रावर दांडी बसवली, शेजारी पडदा लावला. संचालक घड्याळ बघत होते. प्राध्यापकबाई आल्या त्या जवळजवळ धावतच. साठीच्या बाई, पण गाल लाल झालेले. "आक्का, रात्रभर झोप नाही मला," त्या म्हणाल्या आणि आक्काचा हात दाबला. आक्काचा हात गार होता.

कॅमेरा डावीकडून सरकू लागला. पडद्यावर सगळं राखाडी. बुरूज आला, बुरुजामागे पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, चित्रकारानं तो आधी जरा उंच आखला होता. बाई टिपून घेत होत्या. मग डोंगर. मग तळ्याचा डावा भाग. दांडी एक-एक बोट सरकत होती. आक्का पिशवी छातीशी धरून उभी होती, रुमालातली बाटली तिला बोटांखाली लागत होती. अजून वीतभर. अजून चार बोटं.

पडद्यावर पेन्सिलीचे दोन उलटे बूट आले.

कोट आला, खांदे, टोपी. स्वच्छ, सावकाश काढलेल्या रेघा. प्राध्यापकबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. झालं, आक्काला वाटलं, एकतीस वर्षं पुरी झाली.

"काढलं होतं," बाई पुटपुटल्या. आणि एकदम ओरडल्या, "काढलं होतं! आखलं होतं, आणि रंगवताना गाळलं! अहो, मुद्दाम! लोक मला म्हणत होते, विसरला असेल, घाईत असेल. विसरलेला माणूस आधी आखून ठेवतो का? त्यानं विचार करून गाळलं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संचालकांनी टाळी वाजवली. कॅमेरेवालासुद्धा हसला.

आक्का स्टूल ओढून बसली. वाचले. पहिल्यांदा हेच आलं मनात, आणि काय तो आनंद झाला! ज्या यंत्राला ती भीत होती, त्यानंच तिचा गुन्हा गाडून टाकला होता. आता कुणाला काही कळणार नव्हतं. दोन महिने, मग सत्कार, मग घर.

तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली. माणसाच्या शेजारची जागा तिनं शोधली. तिथं एकही रेघ नव्हती. बाईला त्यानं पेन्सिलीनं आखलंच नव्हतं. ती नंतर आली होती, अगदी शेवटी, नुसत्या कुंचल्यानं.

म्हणजे ती आता कुठंच नव्हती. रंगात नव्हती, रंगाखाली नव्हती. एका बाटलीत होती आणि एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या डोळ्यांत.

"आक्का," प्राध्यापकबाई तिच्याकडे वळल्या, "तुम्ही माझ्या साक्षीदार. पाणी तुम्ही साफ केलंत. वहीत तुम्हीच लिहिलंय, विशेष काही आढळलं नाही. हेच दोन ओळींत लिहून सही द्या मला, नव्या आवृत्तीत छापते. तुमचं नावही येईल."

संचालकांनी कागद पुढे केला, खिशातलं पेन काढून दिलं. आक्कानं पेन घेतलं. टोपण काढलं. नवरा कित्येक पाहुण्यांना घेऊन त्या चित्रापुढे उभा राहिला होता, आणि ती गप्प बसली होती. आता तो नव्हता, आणि सही केली की त्याची वाट बघणंही फुकट जाणार होतं.

तिनं पेन खाली ठेवलं.

"त्यानं नाही गाळलं," ती म्हणाली. "मी पुसलं."

संचालक हसले, मग थांबले. बाईंना कळलंच नाही. "काय पुसलं?"

"प्रतिबिंब. रंगवलेलं होतं. मास्तर दाढ काढायला गेले होते. मला सांगून गेले होते, पाण्याला हात लावू नकोस. मी लावला." तिनं रुमाल सोडला आणि बाटली टेबलावर ठेवली. पिवळे-पांढरे बोळे आत दाटून बसले होते. "हे ते."

प्राध्यापकबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू लाल झाला. "माझ्या सगळ्या व्याख्यानांना तुम्ही यायचात."

"हो."

"मागच्या रांगेत बसायचात."

"हो, बाई."

"टाळ्या वाजवायचात!"

"वाजवायचे," आक्का म्हणाली.

संचालक मध्ये पडले. दार लोटून घेतलं, आवाज उतरवला. "आक्का, दोन महिने राहिलेत तुमचे. हे या खोलीतच राहू द्या. यंत्रानं बाईंचं म्हणणं सिद्ध केलंय. कुणाचं काही बिघडत नाही. झाकली मूठ..."

"साहेब, तो माणूस एकटा असता तर मी सही केली असती," आक्का म्हणाली. "खरंच केली असती, एवढी काही मी चांगली नाही. पण त्याच्या शेजारी बाई होती."

"कुठं बाई?" प्राध्यापकबाई म्हणाल्या. "काठावर कुणी नाही."

"काठावर नाही. पाण्यात."

प्राध्यापकबाईंनी चित्राकडे बघितलं. काठाकडे, गवताकडे, त्या दगडाकडे, आणि मग खाली. किती तरी वेळ त्या बघत होत्या. ज्या रिकाम्या पाण्यावर त्यांनी चारशे पानं लिहिली होती, त्यात त्या आता दुसरं काहीतरी शोधत होत्या. हळूच त्या दुसऱ्या स्टुलावर बसल्या.

"किती वेळ पाहिलंत तिला?"

"पंधरा-वीस मिनिटं असतील."

"चेहरा कसा होता?"

आक्काचा आवाज फुटला. "चेहरा दिसावा म्हणून तर पुढचा बोळा फिरवला, बाई."

प्राध्यापकबाईंनी डोळे मिटून घेतले. रागावल्या होत्याच, तो राग पुढे वर्षभर गेला नाही, बोलणंही टाकलं होतं. पण त्या क्षणी त्यांनी बाटली आपल्याकडे ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. नंतर त्या बोळ्यांत पांढऱ्या रंगाचे कण सापडले, भोवतालच्या पाण्यात कुठंही नसलेले. आक्काच्या शब्दाला तेवढाच आधार.

जुनी वही कपाटातून काढून आक्कानं स्वतःच उघडली. "विशेष काही आढळलं नाही" या शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "पाण्यात दोघं होती. मी पाहिली. माझ्या हातून पुसली गेली." मास्तरांच्या सहीला तिनं धक्का लावला नाही. शेजारी आपली सही केली, त्या दिवसाची तारीख घातली.

सत्कार झाला नाही. आठवड्याच्या आत तिला घरी बसायला सांगितलं, चित्र तर लांबच राहिलं, कुठल्याच टेबलाला हात लावू दिला नाही. पेपरात चार दिवस तिच्या नावानं शिमगा झाला. प्राध्यापकबाईंनी नवी आवृत्ती थांबवली. पाण्यात पुन्हा ती दोघं रंगवून घ्यावीत असं संचालकांच्या मनात आलं होतं, तेव्हा बाईंनीच खडसावलं म्हणे, "चेहरा कुणाचा लावणार? तुमच्या बायकोचा?"

आक्का घरी बसली. कपाटाच्या आरशापुढे वेणी घालताना तिची नजर अजून खांद्यामागे जायची, पण आता ती नजर तिथून काढून घ्यायची नाही.

वर्षानं चित्र प्रदर्शनाहून परत आलं. नणंदच तिला ओढत घेऊन गेली. दालनात पाच-सात माणसं होती. चित्राखाली आता नवी पाटी होती, दोन ओळींची: पाण्यात एक माणूस आणि एक बाई होती, साफ करताना पुसली गेली. एक म्हातारा गृहस्थ ती वाचत, पाण्याकडे बघत उभा होता. नणंदेनं भावाची सवय उचललेली. तिनं मोठ्यानं सांगून टाकलं, "हे आमच्या वहिनीनं साफ केलंय बरं का!"

गृहस्थ वळला. आक्काच्या हातात पदर आला. मग तिनं तो सोडला.

"आणि त्यातली दोघं पुसली," ती म्हणाली. "पाटीवर लिहिलंय ती मीच."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. त्याच्या शेजारचीही जागा रिकामी होती, हे आक्काच्या आताच लक्षात आलं.

"बाई कुठं होती?" त्यानं विचारलं.

आक्का पुढे झाली. बोट लावलं नाही, वीतभर लांबूनच दाखवलं.

"त्याच्या डावीकडे. अर्धं पाऊल मागे. त्यानं हात धरलेला नव्हता, त्याचं लक्षही नव्हतं. पण ती तिथं होती."

म्हातारा सरकून बरोबर त्या जागेसमोर उभा राहिला.